सहा शब्द कमी

माझ्या टायपिंग क्लासमधून पस्तीस वर्षांत चारेक हजार मुलंमुली शिकून गेली आणि त्यातल्या निम्म्यांना तरी मी फुटपट्टीने बोटांवर मारलं आहे. मिरवायला सांगत नाही, पण लपवतही नाही. बटणांकडे बघायचं नाही, बोटांना आपोआप उमजलं पाहिजे, एवढा एकच माझा नियम. बोटं शहाणी व्हायची तर थोडं दुखतंच. अजूनही शहरातल्या कुठल्याही ऑफिसात गेले की मला बघून एखादी बाई हात टेबलाखाली घेते.

क्लास खाली आणि घर वर. वहिनी गेल्यावर माझा मोठा भाऊ आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे राहायला आला तो कायमचाच. दादा छापखान्यात प्रूफं तपासायचा. छापलेली चूक दिसली की त्याच्या अंगाची लाही व्हायची, मग ती औषधाच्या बाटलीवर असो की बसच्या तिकिटावर. कोणाच्या मरणाची बातमी वाचतानाही तो आधी चूक शोधायचा आणि मग हळहळायचा. त्याची मुलगी सोळाव्या वर्षी माझ्याच क्लासमध्ये शिकली. लहानपणी जिन्यावरून पडून तिचा डावा हात मोडला होता आणि तो नीट बसला नाही. त्या करंगळीत जोर नाही, म्हणून त्या बोटाखालची अक्षरं तिच्या कागदावर कायम फिकी उमटतात. मी पुष्कळ मारलं, पण उपयोग झाला नाही.

ती कविता दादानेच घरी आणली. एका खोकणाऱ्या, हडकुळ्या माणसाचं पातळसं पुस्तक त्यांच्या छापखान्यात निघालं, तीनशे प्रती. कवी स्वतः प्रूफं बघायला यायचा आणि दादाशी स्वल्पविरामावरून भांडायचा. दादा त्याच्यावर जीव टाकायला लागला. त्या पुस्तकातली एक कविता वाण्याच्या तराजूवर होती. वजन किती भरलं ते मागाहून बघ, आधी तागडी रिकामी असताना काटा मधोमध उभा राहतो का ते बघ, एवढंच तिचं सांगणं. मधल्या ओळी अशा होत्या:

तागडीत काही पडण्याआधी
रिकामा काटा बघून घे.
देणारा हसला तरी बघ,
देणारा रडला तरी बघ,
आणि माझाही काटा तू तपासून बघ.

मी तेव्हा स्पीडसाठी उतारा शोधत होते. मिनिटाला तीस शब्द, पाच मिनिटं, म्हणजे दीडशे शब्द हवेत. कविता मोजली तर एकशे छप्पन्न भरली. यातली शेवटची ओळ बरोबर सहा शब्दांची होती, ती मी उडवली. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, बाकीची कविता दुसऱ्यांवर संशय घ्यायला शिकवते, ही एक ओळ स्वतःवर घ्यायला शिकवते, आणि तू नेमकी तीच उडवलीस. मी म्हटलं, परीक्षा पाच मिनिटांची आहे. पुढे वर्षानुवर्षं तो जेवताना हे उकरून काढायचा आणि आम्ही आत्या-भाची एकमेकींकडे बघून हसायचो.

तीनशे पुस्तकं किती जणांनी वाचली असतील कोण जाणे. कविता शहरभर झाली ती माझ्या उताऱ्यामुळे. रोज वीसदा टाइप केलेली गोष्ट डोक्यात जात नाही, हाडात जाते. सरकार बदललं, कवीला नेलं तो परत आला नाही, पुस्तकं गोळा करून त्यांचा लगदा केला गेला. माझ्या क्लासला एक माणूस येऊन नवा उतारा देऊन गेला, येत्या दहा वर्षांच्या प्रगतीचा. मी जुन्या उताऱ्याच्या प्रती शेगडीत घातल्या आणि मुलांना नवा उतारा दिला. पण वर्गात पाठमोरी उभी असताना मला आवाजावरून कळायचं. चार नंबरच्या मशीनवर कोणीतरी रिबनचा खटका पांढऱ्या खुणेवर सरकवलाय, म्हणजे अक्षर कागदावर उमटत नाही, आणि बोटं मोकळी करायला ती कविताच बडवतंय. तो ठेका मी झोपेतही ओळखेन. मी वळायची नाही.

आणि त्याचा परिणाम होत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. रेडिओवर सांगायचे, उत्पादन दुप्पट झालं. माझ्या जुन्या विद्यार्थिनी बसस्टॉपवर भेटल्या की एक दुसरीला हळूच विचारायची, कशाच्या दुप्पट? बस्स, एवढंच. आमच्या भाचीचं तर सगळं आयुष्य या प्रश्नावर बेतलेलं. तिच्या नवऱ्याने नोकरी टिकवायला एका निवेदनावर सही केली, कवीला नेलं ते बरंच झालं अशा अर्थाच्या. तिने त्याला एकदाच विचारलं की तू हे वाचून सही केलीस का. तो हो म्हणाला. ती पोटुशी होती, तरी त्याच संध्याकाळी बाहेर पडली. आमच्याकडेही आली नाही, दोन गल्ल्या सोडून खोली घेतली, कारण आत्या फार बोलते. तो नंतर चारदा येऊन रडून गेला. तिने दार उघडलं नाही. ती माफ करणाऱ्यातली नाही, हे मला तेव्हाच पक्कं कळलं.

मग नदीवरचा बंधारा फुटला. पेपरात आलं की सात माणसं गेली. आठवडाभराने शहरात घरांच्या दाराखाली टाइप केलेला एक कागद यायला लागला. वर माझी दीडशे शब्दांची कविता आणि खाली एक ओळ: सात गेले म्हणतात, तुमच्या गल्लीतले किती? माझ्या हातात तो आला तेव्हा मी तो खिडकीपाशी नेऊन बघितला. डाव्या करंगळीची अक्षरं फिकी होती. शिवाय कागद माझ्याच चार नंबरवर टाइप झालेला, त्याचा ळ ओळीच्या जरा खाली बसतो. भाचीकडे क्लासची जुनी किल्ली होती, आणि रविवारी दुपारी मी आणि दादा झोपतो हे तिला ठाऊक होतं. मी तिच्या खोलीवर जाऊन तिला धरून हलवलं. ती म्हणाली, आत्या, मी कोणाला काही सांगितलं नाही, फक्त विचारलंय. मी तिला किल्ली मागितली. तिने दिली नाही.

त्यानंतर महिन्याने एका शनिवारी सकाळी मला चौकशीच्या ऑफिसातून बोलावणं आलं. तिथल्या अधिकाऱ्याला सगळे मऊसाहेब म्हणायचे. आवाज न चढवता तो माणसाला बरबाद करायचा. त्याने चहा मागवला, कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला की मशीन तुमच्या क्लासचं आहे, हे आम्ही तपासलंय. मी म्हटलं, मग मीच केलंय. हे मी घरूनच ठरवून आले होते. एकसष्ट वर्षांची बाई, मागे ना मूल ना बाळ, मी गेले तर मशीनला तेल घालण्यावाचून कोणाचं अडणार नव्हतं. त्याने शेजारच्या टेबलावरचं मशीन दाखवलं आणि म्हणाला, टाइप करा.

मी जिवाचा आटापिटा केला. डावी करंगळी मुद्दाम हलकी ठेवली, मुद्दाम अडखळले. पण पस्तीस वर्षांची सवय. दुसऱ्या ओळीपासून हात आपसूक सुरळीत पडायला लागला, सगळी अक्षरं एकसारखी, छापल्यासारखी. त्याने दोन्ही कागद शेजारी धरले आणि हसला. म्हणाला, बाई, तुम्हाला वाईट टाइप करता येत नाही, आणि खोटंही बोलता येत नाही. मला आयुष्यात इतकं हताश कधी वाटलं नव्हतं.

मग त्याने मुद्द्याला हात घातला. "या कवितेत एक ओळ कमी आहे. सहा शब्दांची. ती तुमच्या क्लासच्या उताऱ्यातच तेवढी नव्हती. म्हणजे हे करणारा तुमचा विद्यार्थी आहे. सोमवारी तुमच्या रजिस्टरातली गेल्या पंधरा वर्षांतली, शहरात असलेली चौसष्ट माणसं इथे येऊन हे टाइप करतील. तुम्ही हात ओळखायचा. नाही ओळखलात तर मी चौसष्टही ठेवून घेईन."

चौसष्टांत भाची होतीच. तिला सातवा महिना लागला होता.

माणूस घाबरला की डोकं बंद पडतं म्हणतात. माझं उलट झालं, आणि ते त्या कवितेमुळेच झालं. मनात आलं, हा सांगतोय की ओळ कमी आहे. याने कशाशी ताडून बघितलं? मी अगदी गरीब तोंड करून विचारलं, मूळ पुस्तक मिळालं का हो साहेब कुठे? तो म्हणाला, छे, सगळ्यांचा लगदा झाला, आमच्या ऑफिसातसुद्धा एक प्रत ठेवली नाही, हाच तर मूर्खपणा झाला. मुलांना पूर्ण कविता कधी दिसलीच नव्हती. कवी मेलेला, छापखान्याचा मालक मेलेला. ती ओळ होती आणि मी ती उडवली, हे जगात तिघांना ठाऊक होतं. एक मी. एक भाची. तिसरा माझ्या घरात बसून पेपर वाचत होता.

रस्ताभर मी स्वतःला समजावत आले की असं नसेल. वर गेले. दादा खिडकीपाशी तांबडी पेन्सिल घेऊन पेपरातल्या चुकांवर खुणा करत होता. मी चपला न काढताच विचारलं, तुला मऊसाहेबाने कधी बोलावलं होतं? त्याची पेन्सिल थांबली. पेन्शनच्या कागदावर सही करायला म्हणून बोलावलं होतं, अकरा दिवसांपूर्वी. चहा दिला. टेबलावर तो कागद पडला होता. दादाने वाचला.

"राहवलं नाही गं," तो म्हणाला. "मी म्हटलं, यात एक ओळ गळलीय. त्याने विचारलं, कुठली? मी म्हणून दाखवली. तो म्हणाला, वा, अशी कशी गळली? मी सांगितलं, आमच्या बहिणीचा उद्योग. बोलून गेलो आणि मग मला कळलं मी काय बोललो ते."

"आणि अकरा दिवस मूग गिळून बसलास?"

"वाटलं, काही होणार नाही. तुला सांगितलं तर तू मला घराबाहेर काढशील."

त्याने चुगली केली नव्हती, दुरुस्ती केली होती. बसच्या तिकिटावर करतो तशी. हे मला समजलं, आणि समजूनही मला त्याची कीव आली नाही. चूक माणसाकडून होते. पण अकरा दिवस हा माणूस माझ्यासमोर जेवला होता, आणि त्या अकरा दिवसांत मधला एक रविवार येऊन गेला होता. भाची त्या रविवारी खाली येऊन आणखी कागद काढून गेली होती. त्याने माझ्या कानावर एक शब्द टाकला असता तर मी तिला थांबवलं असतं. मग मी त्याला सांगितलं तो कागद कोणाचा आहे ते. अगदी सावकाश सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, आणि त्याचं तोंड पांढरं पडताना बघून मला बरं वाटलं, हेही कबूल करते.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, मी जातो, सांगतो मीच केलं. मी म्हटलं, सांगून भागत नाही, तिथे टाइप करून दाखवावं लागतं. त्याने कधी मशीनला हात लावला नव्हता. मी त्याचे हात हातात घेऊन बघितले. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं संधिवाताने आखडलेली, त्यांच्यात जोर नव्हता. लेकीच्या मोडक्या हाताची बरोबरी करायला याच्याइतका चांगला हात शहरात मिळाला नसता. मी म्हटलं, खाली चल.

शनिवारी दुपारी तीन वाजता मी त्याला चार नंबरवर बसवलं आणि क्लासच्या दाराला आतून कडी घातली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, लहानपणी माझं बोट धरून मला शाळेत सोडणारा. त्याच्याकडे दीड दिवस होता आणि इतर मुलांना मी सहा महिने देते. तिची प्रत्येक खोड मला त्याच्या हातात उतरवायची होती. पूर्णविरामानंतर ती स्पेसबार दोनदा मारते. उजवा समास जवळ आला की ती ओळीची शेवटची कळ नको तेवढ्या जोराने दाबते. नव्या ओळीला कागद सरकवताना उजवीकडे जरा ओढते. लेक शिकत होती तेव्हा ज्या खोडी मोडायला मी तिला मारलं, त्याच खोडी लावायला मी तिच्या बापाला मारत होते. फुटपट्टी तीच होती. त्याच्या सांध्यांवर बसली की तो श्वास आत ओढायचा, पण हात मागे घ्यायचा नाही.

बाकी सगळं जमत गेलं. अडलं ते एकाच जागी. देणारा रडला तरी बघ, इथपर्यंत यायचा आणि त्याची बोटं थांबायचीच नाहीत, पुढची ती सहा शब्दांची ओळ टाइप करून मोकळी व्हायची. मी कागद ओढून फाडायचे. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. रविवारी दुपारपर्यंत एकतीस कागद फाडले. डाव्या हाताचं मधलं बोट सुजलं होतं. मी म्हटलं, ही ओळ आली की तुझी पोरगी गेली, एवढं डोक्यात ठेव. तो म्हणाला, डोक्यात आहे गं, पण ही ओळ नसेल तर उरतं काय? सगळे दुसऱ्याचे काटे तपासणारे उरतात. मऊसाहेबही तेच करतो.

मी मारलं. जोरात मारलं, कारण तो खरं बोलत होता. त्यानंतर तो रडला, आवाज न करता, नाक पुसत. मग त्याने न बघता, न थांबता ती ओळ गाळून कविता टाइप केली. पुन्हा केली. सलग पाचदा केली. पाचवा कागद मी उजेडात धरला आणि मला भाचीचा हात दिसला. मी त्याची बोटं कोमट पाण्यात ठेवली. त्या संध्याकाळी आम्ही दोघं एका ताटात जेवलो. तो चुकून एकदाही त्या ओळीवरून बोलला नाही, आणि मला ते फार लागलं.

सोमवारी चौकशीच्या ऑफिसच्या बोळात चौसष्ट माणसं बाकांवर बसली होती. कोणी शाळेत कारकून, कोणी बँकेत, एक तर माजी नगराध्यक्षाची सून. सगळ्यांचे हात मांडीवर आणि नजर जमिनीवर. भाची मधल्या बाकावर पोटावर पिशवी धरून बसली होती. दादाचं नाव रजिस्टरात नव्हतंच. तो सरळ आत आला आणि शिपायाला म्हणाला, साहेबांना सांगा, या लोकांना घरी पाठवा, तो कागद माझा आहे. भाची ताडकन उभी राहिली. तो तिच्याजवळून जाताना फक्त एवढंच म्हणाला, "बस खाली. पाय सुजतील." मी तिच्या दंडात नखं रुतवून तिला बसवलं. तिच्या कानात सांगितलं की तू तोंड उघडलंस तर दोघंही आत जाल, आणि तिसरंही.

आत दार लागलं. मी मऊसाहेबाशेजारी बसले. दादाने कागद चढवला, एकदाही खाली न बघता दीडशे शब्द टाइप केले. एकशे छप्पन्न नाहीत. साहेबाने भिंग लावून दोन्ही कागद पाहिले आणि माझ्याकडे वळला. मी म्हटलं, हाच हात.

"सख्खा भाऊ ना तुमचा?"

"हो."

"सांगताना काहीच वाटलं नाही?"

"तुम्ही ओळखायला सांगितलंत."

पण साहेब कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने दादाला विचारलं, तुम्हीच केलंत तर ओळ कमी असल्याचं तुम्हीच मला का सांगितलंत?  एवढं सगळं शिकवलं आणि हा प्रश्न माझ्या ध्यानातच आला नव्हता. दादाच्या मात्र आला होता. तो म्हणाला, "तुम्ही कागद दाखवलात तेव्हा वाटलं आता पकडला जातो. संशय क्लासच्या पोरांवर जावा म्हणून बोललो." इतकं हलकट उत्तर त्याने कुठून शोधलं देव जाणे. साहेबाला ते लगेच पटलं. माणसं अशीच असतात यावर त्याचा विश्वास होता. तो जरा खूशच झाला. म्हणाला, म्हणजे साठ पोरांच्या माना पुढे केल्यात, आणि वर कविता वाटता. दादा म्हणाला, हो.

त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या कागदात ती चहाची गोष्ट आली नाही, कारण आरोपी स्वतः कबूल होता. गळलेल्या ओळीवरून क्लासचा माग लागला, एवढंच त्यात होतं. बाकी शहरात दादा मोठा माणूस झाला. ज्या बायका मला बघून हात लपवायच्या त्या माझ्याजवळ येऊन हळूच विचारायला लागल्या, कसे आहेत? आणि भाची तर बापाचं नाव घेतलं की ताठ बसायची. तिला वाटलं, बापाने आपला हात ओळखला आणि एक शब्द न बोलता आपल्या जागी गेला. ते खोटंही नव्हतं. मीही तिला दुसरं काही सांगितलं नाही.

तिला मुलगा झाला. तो तीन महिन्यांचा असताना ती त्याला घेऊन पहिल्यांदा तुरुंगात गेली. महिन्यातून एक भेट आणि एकाच माणसाला परवानगी, ती आम्ही तिच्या नावावर घेतली होती. परत येताना ती क्लासवर आली. दुपारची वेळ होती, मुलं यायची होती. बाबा खंगलेत म्हणाली, पण जाळीतून बाळाचा पाय धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग तिने बाळाला टेबलावर निजवलं आणि माझ्यासमोर बसली.

"आत्या, मी एक गोष्ट जुळवतेय. त्या लोकांना ओळ कमी आहे हे कळलं कसं?"

मी म्हटलं, त्यांना सगळं कळतं.

"नाही कळत. पुस्तकं लगद्यात गेली. वर्गातल्या कोणाला पूर्ण कविता माहीत नव्हती. ते आपल्या तिघांनाच माहीत होतं. मी कोणाला बोलले नाही."  तिचा डोळा बारीक झाला, लहानपणी गणित सुटत आलं की व्हायचा तसा. "आज बाबा म्हणाले, त्याआधी त्यांना एकदा पेन्शनच्या कागदासाठी तिथे बोलावलं होतं. हो ना?"

मी तिला शिकवलं होतं, दादाने शिकवलं होतं, त्या कवितेने शिकवलं होतं. ती अगदी नीट विचार करत होती, मी केला होता त्याच वाटेने, आणि एका पावलावर आली होती. तिने नवऱ्याला एका सहीसाठी पुन्हा दार उघडलं नाही. हे कळल्यावर ती तुरुंगाची पायरी चढली नसती. दादाला अकरा वर्षांत महिन्याला तेवढाच अर्धा तास होता.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "शनिवारी बोलावलं होतं तेव्हा."

"काय?"

"साहेबाने चहा दिला, गोड बोलला. बोलता बोलता तोंडातून निघालं. वर मी उतारा कसा मोजून बसवला तेही सांगितलं. मग घाबरले."

"बाबांना ठाऊक आहे?"

"आहे."

 मला वाटलं ही आता आणखी विचारेल, मी बोलण्याआधीच मऊसाहेब क्लासचं रजिस्टर काढून कसा बसला होता, काहीतरी विचारेल, आणि मी सापडेन. मला वाटतं मला तेव्हा सापडायचं होतं. पण तिने विचारलं नाही.

"म्हणूनच ते तुझं नावसुद्धा काढत नाहीत," ती म्हणाली. हे मला माहीत नव्हतं. तिने बाळाला उचललं आणि उभ्या उभ्या, आवाज न चढवता सांगितलं की याच्या अंगाला तू पुन्हा हात लावायचा नाहीस.

त्याला आता चार वर्षं झाली. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी ती मुलाचं बोट धरून माझ्या खिडकीखालून बसस्टॉपकडे जाते. पोरगा रस्ताभर प्रश्न विचारत असतो. ती वर बघत नाही. मी मंगळवारचा सकाळचा वर्ग बंद ठेवला आहे, आणि दोघं बसमध्ये चढेपर्यंत मी खाली उतरत नाही.